टाइल्सचं काम शिकायचंय म्हणतो भाचा, काय सांगू?

ओळंबा

मंडळी, जरा सल्ला हवाय.

भाचा वीस वर्षांचा. कराडजवळ राहतो. सिव्हिलचा डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला आणि गावातल्या एका फरशीच्या मिस्त्रींबरोबर कामाला जायला लागला. घरच्यांना वाटलं, चार दिवस राबेल नि मुकाट कॉलेजला परत जाईल. झालं उलटंच. आता म्हणतो, मला हेच काम शिकायचंय, पण नीट शिकायचंय. मेहुणे म्हणतात, "इंजिनियर व्हायला धाडला आणि बिगारी होऊन आला." आजीचा मुद्दा त्याहून रोखठोक: फरशीवाल्याला पोरगी कोण देणार?

मामा या नात्याने निवाडा माझ्याकडे आलाय. मी आयुष्यभर बँकेत. टाइल्सबद्दल माझं ज्ञान शोरूममध्ये सौ.च्या मागून फिरण्याइतपत. म्हणून विचारतो: या कामाचं रीतसर शिक्षण कुठे मिळतं का, की मिस्त्रीच्या हाताखालीच शिकावं लागतं? हात बसायला किती वर्षं जातात? यात पोट भरून वर काही उरतं का? त्याच्या डोक्यात जर्मनीचंही काहीतरी भरलंय, त्याबद्दल कुणाला माहिती असेल तर लिहा. "आधी डिप्लोमा पूर्ण कर" हे आमचं सांगून झालंय, ते सोडून बोला.

सिव्हिलवाला

आधी शिक्षणाचं सांगतो. आयटीआयमध्ये टाइल्सचा वेगळा ट्रेड शोधू नका. गवंडीकामाचा एक वर्षाचा ट्रेड असतो, फरशी हा त्यातला एक भाग. कौशल्य विकासाच्या कमी मुदतीच्या कोर्सेसमध्ये मात्र 'मेसन टाइलिंग' असा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. पुण्यात क्रेडाई या बिल्डरांच्या संघटनेचा 'कुशल' नावाचा उपक्रम साइटवरच्या कामगारांना साइटवरच शिकवतो. ॲडहेसिव्हच्या, म्हणजे टाइल चिकटवायच्या तयार मालाच्या, कंपन्याही मिस्त्रींसाठी छोटी शिबिरं घेतात. त्यांना आपली पोती खपवायची असतात हे उघड आहे, पण शिकवतात ते कामाचं असतं.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ कामांत गवंडीकाम आहे. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० पर्यंत, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज. पण ती स्वतःचा धंदा करणाऱ्या कारागिरांसाठी आहे, काल लागलेल्या शिकाऊ पोराला आज मिळणार नाही.

हे झालं कागदाचं. स्पष्टच लिहायचं तर सर्टिफिकेट बघून मी आजवर एकाही मिस्त्रीला काम दिलेलं नाही. त्याने केलेली एखादी बाथरूम दाखव म्हणतो. आत गेल्यावर आधी नहाणीच्या जाळीभोवतीचे काप बघतो, मग दारामागचा कोपरा. तेवढ्यात सगळं कळतं.

चिकित्सक

श्रमप्रतिष्ठेवर निबंध सुरू व्हायच्या आत दोन गोष्टी. पुण्या-मुंबईत हे काम राजस्थान, यूपी, बिहारकडच्या टोळ्यांच्या हातात आहे. चार-पाच जण त्याच फ्लॅटमध्ये राहतात, तिथेच भात शिजवतात, रात्री उशिरापर्यंत काम ओढतात. संध्याकाळी सहाला घरी जाणारा पोरगा त्यांच्या दराला कसा पुरा पडणार? त्यांच्याविरुद्ध माझं काही नाही. माझ्या घराचं काम जोधपूरकडच्या मिस्त्रीने केलंय आणि झकास केलंय. प्रश्न व्यवहाराचा आहे.

नाक्यावरचा

चिकित्सक, मुद्दा बरोबर, पण कराड म्हणजे पुणे नव्हे. तालुक्याच्या ठिकाणी अजून "अमक्याच्या बंगल्याचं काम कुणी केलं?" असं विचारूनच मिस्त्री ठरतो.

थापीबहाद्दर

मी हेच काम करतो म्हणून लिहितोय. मूळचा वाळवा तालुक्यातला, आता पुण्यात. मोबाईलवर टाइप करतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

चिकित्सक म्हणतात ते खरं, पण अर्धंच. आमच्या धंद्यात स्क्वेअर फुटावर पैसे मिळतात. म्हणजे जेवढी टाइल डोळ्याला दिसते तेवढ्याचेच. तिच्याखाली काय केलं, त्याचा भोपळा. भिंत ओळंब्यात आहे का बघितली, खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का तपासली, टाइल्स कोरड्याच मांडून बघितल्या, यात सकाळ गेली की ती फुकट गेली. मग रेटमध्ये लढणारा गडी काय करतो? दारातल्या कोपऱ्यात पहिली टाइल टाकतो आणि सुटतो पळत. समोरच्या भिंतीशी चार बोटांची पट्टी उरते, ती कापून कोंबतो, वर स्कर्टिंग (भिंतीच्या पायाची पट्टी) मारतो. मालकाला त्या दिवशी काही कळत नाही. राहायला आल्यावर रोज नजर तिथंच जाते.

पोराला शिकायचं आहे ते हे. टाइल चिकटवणं सहा-आठ महिन्यांत कुणालाही येतं. पहिली टाइल कुठं ठेवायची हे ठरवता यायला वर्षं जातात.

उदाहरण देतो. भिंत ३१४ सेंटिमीटर, टाइल ६० ची. कोपऱ्यातून निघालात तर ५ पूर्ण टाइल्स, ३०० गेले, उरली १४ ची पट्टी. दिसायला भिकार आणि कापताना तुटते ती वेगळीच. त्याऐवजी मधोमध ४ पूर्ण ठेवा. २४० गेले, उरले ७४. सांध्यांचं वजा करून दोन्ही कडांना साडेछत्तीस-साडेछत्तीस येतात. भिंत तीच, टाइल्स त्याच. हे एका भिंतीचं झालं. बाथरूमला चार भिंती, दार, खिडकी, नळांच्या जागा, खाली ढाळ आणि नहाणीची जाळी. जमिनीचा सांधा जाऊन भिंतीच्या सांध्याला मिळाला पाहिजे. त्याला कागद-पेन्सिल लागते. ओळंबा साहेब, डिप्लोमा सोडला म्हणून फार हळहळू नका. आमच्यातल्या बऱ्याच जणांना नकाशा वाचता येत नाही, तुमच्या भाच्याला येतो. ते इथं रोज उपयोगी पडणार.

शिकण्याचा क्रम असा असतो. सुरुवातीला माल कालवायचा आणि पेट्या वर चढवायच्या. दोन बाय दोनची पेटी पंचवीस-तीस किलोंची, लिफ्ट बंद असली की जिना आहेच. मग सांधे भरायचे, स्पंजने पुसायचे. इथं कंटाळून बरेच पळतात. मग कटर हातात येतो: आधी सरळ काप, मग एल काप, मग नळाचं गोल भोक. लावायला पहिली जागा मिळते ती कोठीची खोली, जिथं पाहुणा जात नाही. मग गॅलरी, हॉल, ओट्यावरचा डॅडो, म्हणजे भिंतीच्या टाइल्स. लोकांना वाटतं हॉल अवघड. हॉल मोठा असतो, अवघड नसतो. तिथं फक्त लेव्हल आणि लाइनदोरी सांभाळायची. बाथरूम सगळ्यात शेवटी. स्वतःच्या जबाबदारीवर बाथरूम घ्यायला तीन वर्षं धरा. जिन्याच्या पायऱ्या आणि ४५ अंशांचा काप मारून जोडलेले कोपरे त्याच्यापुढं.

पैशाचं म्हणाल तर मी फुटावर बाथरूम घेणं बंद केलंय. अख्ख्या बाथरूमचा ठोक आकडा सांगतो, त्यात मांडणी, वॉटरप्रूफिंगवर पाणी भरून दोन दिवस बघणं, सगळं आलं. आकडा ऐकून पुष्कळ जण फोन ठेवतात. उरतात ते मला पुरतात. आर्किटेक्ट आणि इंटिरियरवाले एकदा खात्री पटली की माणूस सोडत नाहीत. आणि राजस्थानी मिस्त्रींशी लढायचं कशाला? मी मार्बल त्यांच्याकडूनच शिकलो. दगडात त्यांचा हात धरणारा कुणी नाही.

सिव्हिलवाला

थापीबहाद्दर, तुमचा प्रतिसाद आमच्या ज्युनियर इंजिनियरांना वाचायला देणार आहे. फुटाच्या दराचं दुखणं ठेकेदाराकडून सुरू होतं हे मी कंत्राटाच्या बाजूने बघतो. टेंडरमध्ये 'फ्लोअरिंग' ही एक ओळ असते. मांडणीसाठी वेगळी ओळ कुणीच ठेवत नाही.

माईंचा वाडा

विषय थोडा बाजूला नेते, पण इथे जाणते लोक जमलेत म्हणून. आमच्या ठाण्याच्या घरात जानेवारीत पहाटे हॉलमध्ये मोठा आवाज झाला. उठून बघतो तर मधल्या दोन ओळी छपरासारख्या एकमेकींना टेकून उभ्या! सोसायटीत कुणी भूकंप म्हणालं, कुणी वास्तुदोष. ठेकेदाराने टाइल्सच खराब होत्या म्हणून हात झटकले. नक्की काय होतं हे?

सिव्हिलवाला

माई, वास्तुदोषच, फक्त तो लावणाऱ्याचा. खालचं काँक्रीट वर्षानुवर्षं थोडं थोडं आक्रसत जातं. वरच्या टाइल्स तशा आक्रसत नाहीत, उन्हाने नि दमटपणाने उलट केसभर वाढतात. टाइल्स एकमेकींना आणि भिंतीला घट्ट चिकटवून बसवल्या असतील तर त्या ताणाला जायला जागाच नसते. एक दिवस जिथे पकड कच्ची तिथे फरशी उठते. थंडीत खालचा थर आणखी आकसतो, म्हणून हे प्रकार हिवाळ्यात जास्त ऐकू येतात.

यात मालकांचाही हात असतो. "सांधा अजिबात दिसायला नको" हा हट्ट शोरूमपासून सुरू होतो. दोन टाइल्समध्ये निदान २ मिलिमीटरचा स्पेसर (सांधा राखायचा तुकडा) हवा आणि भिंतीच्या कडेने ५-६ मिलिमीटर मोकळी जागा. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते, दिसत नाही. मोठ्या हॉलला मध्ये एखादा लवचीक सांधाही द्यावा.

दुसरं कारण टाइलच्या पाठीचं. जुन्या सिरॅमिकच्या भिंतीच्या टाइल्स वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पीत. म्हणून रात्रभर पिंपात भिजवून सिमेंटवर लावायच्या, सिमेंट त्यांच्या पाठीत शिरून धरायचं. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही. तिच्या काचेसारख्या पाठीला नुसतं सिमेंट काय धरणार? टाइल बदलली आणि लावायची रीत बापजाद्यांचीच राहिली, असं झालंय. ॲडहेसिव्हसाठी भारतीय मानक आहे, आयएस १५४७७, २०१९ साली सुधारलेलं. त्यात पाच प्रकार आहेत. पोत्यावर प्रकार छापलेला असतो. मोठ्या टाइल्सना आणि बाहेरच्या भिंतीला टाइप १ चालत नाही.

थापीबहाद्दर

माई, पोतं चांगलं आणून चुकीचं वापरणारेही कमी नाहीत. भिंतीला टाइल लावताना पाठीवर चार कोपऱ्यांना चार आणि मधे एक असे मालाचे गोळे ठेवून दाबतात. झटपट होतं, भिंत वाकडी असली तरी टाइल सरळ दिसते. पण मधे सगळी पोकळी. पुढं टॉवेलच्या दांडीसाठी ड्रिल मारलं की टाइल गेली.

दातेरी थापीने माल ओढायचा, तोही एका दिशेने सरळ. गोल गोल फिरवला की हवा अडकते. मोठ्या टाइलच्या पाठीवरही पातळ हात मारायचा. माल पसरून चहाला गेलात आणि त्याच्यावर साय धरली, तर तो खरवडून टाकायचा, वरून पाणी शिंपडून जिवंत करायचा नाही. आणि शिकाऊ पोराने तर दर थोड्या वेळाने नुकती लावलेली एक टाइल उचलून पाठ बघावी. कोरड्या खोलीत पाठीचा ८० टक्के भाग मालाने भरलेला हवा, बाथरूममध्ये ९५. मनाला लागते ही परीक्षा, पण दुसरा मास्तर नाही.

माईंचा वाडा

तुमचं वाचून नाणं घेऊन अख्खं घर वाजवलं. बेडरूमच्या खिडकीपाशी पोकळ वाजतंय. उखडू का?

थापीबहाद्दर

वाजते म्हणून उखडायची घाई नको. हलत नाही, सांधा फुटत नाही, तोवर राहू द्या. जड कपाट तिथं सरकवू नका.

हिशेबी

घराचं काम काढणाऱ्यांसाठी एक टीप. दोन बाय दोनच्या पेटीत ४ टाइल्स, दुकानदार तोंडाने १६ फूट सांगतो. टाइल असते ६० बाय ६० सेंटिमीटरची. चारांचे होतात १.४४ चौरस मीटर, म्हणजे साडेपंधरा फूट. हजार फुटांच्या घराला दोन पेट्या कमी पडतात आणि परत आणायला जाल तेव्हा त्या बॅचचा रंग संपलेला असतो. कापाकापीसाठी ५ ते १० टक्के वरकड धरा आणि एक पेटी कायमची माळ्यावर टाका.

छातीतज्ज्ञ

ओळंबा, पैसा, शिक्षण, कारागिरी सगळ्यावर चर्चा झाली, धुळीवर कुणीच बोललं नाही. बंद फ्लॅटमध्ये ग्राइंडरने कोरडी टाइल कापतात तेव्हा जो पांढरा लोट उठतो, त्यात सिलिकाचे अतिबारीक कण असतात. ते फुप्फुसात खोल जाऊन बसतात आणि होतो सिलिकोसिस. तो बरा होत नाही, क्षयाची शक्यताही वाढवतो. तोंडाला रुमाल बांधून हे कण अडत नाहीत. ऑस्ट्रेलियात स्वयंपाकघरांचे कृत्रिम दगडी ओटे कापणाऱ्या तरुण कामगारांना हा आजार होऊ लागला, तेव्हा १ जुलै २०२४ पासून त्या दगडावरच बंदी आली. आपल्याकडे त्याच धाटणीचे क्वार्ट्झचे ओटे सर्रास कापले जातात.

भाच्याला पहिल्या दिवसापासून नीट बसणारा एन-९५ मास्क आणि गुडघ्याचे पॅड घेऊन द्या. ओलं सिमेंट उघड्या हाताने कालवू नये. कातडीला एकदा ॲलर्जी जडली की धंदा सोडायची पाळी येते.

थापीबहाद्दर

डॉक्टर, शंभर टक्के. पण साइटवरची गंमत ऐका. पाण्याने कापलं तर धूळ उडत नाही, मग मालक ओरडतो की नवीन पीओपीवर चिखल उडाला. म्हणून पोरं कोरडंच कापतात. हेल्पर बाटलीच्या झाकणाला भोक पाडून ब्लेडवर पाण्याची धार सोडतो, तीही पद्धत आहे.

सिव्हिलवाला

ती बाटलीची धार आणि हातात विजेचा ग्राइंडर, हे बघून माझ्या पोटात गोळा येतो. साइटच्या बोर्डाला आरसीसीबी (विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच) असल्याशिवाय हे करू नका. सरळ कापांसाठी रेघ मारून तोडायचा हाताचा कटर घ्या. धूळ नाही, आवाज नाही, वीजही नको. ग्राइंडर फक्त एल काप आणि भोकांना, तोही गॅलरीत.

नाक्यावरचा

आणि बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव घाला. १९९६ च्या कायद्याने सुरू झालेला, बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर गोळा होतो तो याच कामगारांसाठी. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो दाखला द्यायला ठेकेदार टाळाटाळ करतात, म्हणून हजेरीची वही स्वतःची ठेवावी.

राइनकाठी

जर्मनीबद्दल मी लिहितो. इथे या व्यवसायाला 'फ्लीझनलेगर' म्हणतात आणि तीन वर्षांचं शिक्षण असतं. पोरगा एका कंपनीत कामाला लागतो, मधले आठवडे व्यवसायशाळेत जातो, शिवाय प्रशिक्षण केंद्रात भिंती उभारून, पाडून, परत उभारून सराव करतो. पगार पहिल्या दिवसापासून. शेवटी परीक्षा: दिलेल्या नकाशावरून प्रत्यक्ष काम आणि लेखी पेपर. त्यापुढे मास्टरची परीक्षा.

थापीबहाद्दर यांच्या फुटाच्या दराला जोडून एक गोष्ट. जर्मनीने २००४ साली या व्यवसायासाठी मास्टरची अट काढून टाकली. कुणीही उठून धंदा थाटू शकत होतं. एकेकट्या माणसाच्या कंपन्यांचं पेव फुटलं, दर पडले आणि एकट्याला शिकाऊ पोरगा ठेवणं परवडेना, म्हणून शिकणारी पोरंच आटली. शेवटी फेब्रुवारी २०२० मध्ये ती अट परत आणली. शिकवायला ज्याला वेळ परवडतो तोच शिकवतो, हे इथेही तसंच आहे.

भाच्यासाठी: महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तो त्याच्या कानावर आला असेल. पण करार वाचून बॅग भरू नये. इथे शिकाऊ म्हणून यायचं तर जर्मन भाषा साधारण बी-१ पातळीची, म्हणजे रोजचं बोलणं जमेल इतकी, लागते. नुसता हातातला अनुभव, कागद नसताना, इथे फारसा मोजला जात नाही. तेव्हा सिव्हिलवाला यांना सर्टिफिकेटचं कौतुक नसलं तरी पोराने ते मिळवून ठेवावं. आणि इथेही गुडघे तेवढेच दुखतात, जानेवारीत उणे तापमानात जास्तच.

चिकित्सक

२०२४ साली इस्रायलसाठी भरती झाली तेव्हाही चारच कामं मागितली होती: शटरिंगचं सुतारकाम, सळया वाकवणं, प्लास्टर आणि सिरॅमिक टाइल्स. पगार महिन्याला १ लाख ३७ हजार सांगत होते. युद्धाच्या छायेत जायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण निवड प्रत्यक्ष काम करून दाखवल्यावरच होती. हे वाचल्यावर माझं मत थोडं हललंय, हे मान्य करतो. थोडंच.

पणजीकर

एक वेगळी वाट सुचवतो. जुन्या फरश्या दुरुस्त करणारे हात आता फार कमी उरलेत. मुंबईतल्या जुन्या इमारतींत नक्षीच्या सिमेंट टाइल्स आहेत, १९२२ साली स्वदेशीच्या भरात उरणला सुरू झालेल्या भारत फ्लोअरिंग टाइल्ससारख्या कारखान्यांनी घडवलेल्या. आमच्या पणजीत मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या अझुलेजो या पोर्तुगीज धाटणीच्या टाइल्सवर पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग रंगवलेत. अशा कामात एक टाइल न फोडता काढून परत बसवता येणं याला मोल असतं, आणि तिथे फुटावर भाव कुणी विचारत नाही. भाच्याला उमेदवारी झाल्यावर याकडे बघता येईल.

माईंचा वाडा

आजींना माझा निरोप द्या: ज्या घरची बाथरूम खालच्याच्या छतात गळत नाही, त्या घरात मुलगी सुखाने नांदते. बारा वर्षं खालच्या काकूंची बोलणी खाल्लेली बाई सांगतेय.

ओळंबा

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा मेहुण्यांना मोबाईलवर वाचून दाखवला. जर्मनीच्या प्रतिसादापर्यंत गप्प होते, मग "एक वर्ष बघू" म्हणाले. 'मेसन टाइलिंग'चा कोर्स आणि मिस्त्रींकडे काम, दोन्ही करायचं असं ठरलंय. मास्क आणि गुडघ्याचे पॅड मी घेऊन देतोय. आजी अजून बधलेली नाही.

भाच्यानेही धागा वाचला. त्याचा प्रश्न आहे: भिंतीच्या मधोमधून सुरुवात करायची हे पटलं, पण भिंतीत खिडकी असेल आणि ती मध्यावर नसेल तर मध्य कुणाचा धरायचा, भिंतीचा की खिडकीचा?

थापीबहाद्दर

शाब्बास. खिडकीचा धरायचा. खिडकीच्या दोन्ही कडा सांध्यावर आल्या की बघणाऱ्याला बरं वाटतं.

सिव्हिलवाला

असहमत. दारातून आत शिरल्यावर आधी भिंतीचे कोपरे दिसतात. खिडकीला तर पडदा किंवा लूव्हर असतो.

थापीबहाद्दर

साहेब, तोंडी वाद घालून उपयोग नाही. ओळंबा, पोराकडून मापं मागवा.

ओळंबा

त्याच्याच घरची बाथरूम आहे. भिंत २१३, खिडकी ६० रुंद, डाव्या कोपऱ्यापासून ९२ वर सुरू होते. टाइल ६० ची. तो म्हणतोय, खिडकी धरली तर उजव्या कोपऱ्यात एका सेंटिमीटरची पट्टी येतेय.

थापीबहाद्दर

बरोबर पकडलं त्याने. मग इथं खिडकी सोडायची, भिंत धरायची. मधे दोन पूर्ण, कडेला साधारण छेचाळीस-छेचाळीस. या भिंतीपुरतं सिव्हिलवाला साहेबांचं खरं, दुसऱ्या भिंतीचं तेव्हा बघू. खिडकीच्या खालच्या नि वरच्या टाइल्सना एल काप येतील. त्याला सांगा, आतल्या कोपऱ्यात ब्लेड थेट घुसवू नको. आधी त्या कोपऱ्यावर बारीक भोक पाड, मग दोन्ही बाजूंनी काप भोकापर्यंत आण. नाहीतर चार महिन्यांनी तिथूनच तिरपा तडा जातो.